तंबाकवुनीच्या नऊ लाख नोंदी

"बू लासमी! गेला! पेन ड्राइव्ह गेला!"

वेनिंगची किंकाळी ग्रंथालयाच्या जिन्यापर्यंत ऐकू आली. ग्रंथपाल लासमींच्या, सगळ्यांच्या 'बू'च्या म्हणजे बाईंच्या, हातातले जेवणाचे डबे पडता पडता राहिले. पाय दुखत होते, तरी त्या धावल्या. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

दारात वेनिंगच्या चपला एक इकडे, एक तिकडे उडाल्या होत्या. शेजारी चर्चेसाठी आलेल्या मुरसिद सरांच्या चामडी वहाणा होत्या, जवळजवळ ठेवलेल्या, पुढची टोकं जिन्याकडे. आत चटईवर वेनिंग रिकामी पिशवी उलटी करून बसली होती. पडद्याआडच्या खोलीतून म्हातारे मुरसिद सर डोळे चोळत बाहेर आले.

"काय झालं गं? दुपारचा नमाज झाला आणि जरा डोळा लागला माझा."

झालं होतं ते भयंकरच. सेमारांग शहरातल्या चार कॉलेजांतली, वेनिंग धरून चार मुलं आज ओळखी करून घ्यायला आणि चर्चा करायला जमली होती. विषय होता, बिग डेटा आणि सरकारी धोरण. पण वेनिंगला चर्चेत रस नव्हता. तीन वाजता पालिकेचे साहेब येणार होते. समुद्राच्या भरतीचं पाणी उपसायला एकच पंप शिल्लक होता आणि तो कोणत्या वस्तीला द्यायचा, ती यादी आज बंद होणार होती. तिच्या तंबाकवुनी वस्तीची आठशे घरं, फोनवरून गेलेल्या तक्रारी, पाण्याच्या वेळा, अशा नऊ लाख नोंदी तिनं दोन वर्षं गोळा केल्या होत्या. लॅपटॉप मागच्या भरतीत घरातच बुडाला. उरला होता तो एक पेन ड्राइव्ह.

"आईचा पलंग विटांवर चढवलाय, बू," ती हुंदके देत म्हणाली. "आता चौथी वीट लावली तर तो हलतो. मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

ग्रंथालयात येण्याआधी बावीस वर्षं बूंनी जनगणनेसाठी दारं ठोठावली होती. एक घर सुटलं की काय होतं, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"रड नंतर. आधी शोधू."

शनिवारची सुट्टी होती. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं शपथेवर सांगितलं की या मुलांशिवाय आणि सरांशिवाय आत कोणीही आलेलं नाही. बारा वाजता बूंनी स्वतः सगळ्यांना पिशव्या इथंच ठेवून जेवायला पिटाळलं होतं. तेव्हा दारात एकही चप्पल नव्हती. सर आले सव्वाबाराला.

"सर, तुम्ही वहाणा कशा काढल्या?"

"कशा म्हणजे? चालता चालता, आत पाऊल टाकता टाकता. गुडघे धरलेत माझे, वाकायला येतंय कुठं? पण चोरी सोडून माझ्या वहाणांची चौकशी कशाला?"

"उगाच विचारलं," बू म्हणाल्या.

बाकीचे तिघं परत आले तशी त्यांनी एकेकाला समोर बसवलं. आधी गालिह आला. तो पालिकेचे नकाशे करणाऱ्या कंपनीत उमेदवारी करत होता.

"कुठं होतास?"

"फाटकाबाहेर, सोतोच्या गाडीवर. दोन वाट्या रस्सा ओरपला. तिसरी मागितली तर गाडीवाला म्हणाला, पोट आहे की विहीर?"

"सकाळी तूच म्हणालास ना, वेनिंगचे आकडे फुगवलेले आहेत म्हणून?"

"म्हणालो! वाद घातला म्हणजे चोर झालो का?"

मग तियारा. ती फटकळ पोरगी.

"मी त्याच गाडीवर होते, बू. गालिह खात होता आणि आमच्या सगळ्यांच्या आयांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होता. पैसे मीच दिले, विचारा त्याला."

शेवटी फिक्री. मुरसिद सर दिसताच तो कमरेत वाकला आणि सरांच्या हाताची दोन्ही बाजूंनी चुंबनं घेतली.

"सहा वर्षं मदरशात काढली ना," तियारा हसली. "आमचा हा गुरुजींच्या सावलीवरसुद्धा पाय देत नाही."

"कुठं होतास, बाळा?" बूंनी विचारलं.

"समोरच्या मशिदीत. बारापासून."

"मधे वर आलास?"

"नाही."

"सर आलेत, हे तुला कधी कळलं?"

"आत्ता. इथं आल्यावर."

दोन वाजून गेले होते. वेनिंग भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटलं होतं.

"फिक्री," बू हळूच म्हणाल्या, "सरांनी वहाणा आत येता येता काढल्या. म्हणजे टोकं खोलीकडे हवीत. मी आले तेव्हा ती जिन्याकडे होती, जोडी नीट लावलेली. सर वाकू शकत नाहीत. वेनिंगला स्वतःच्या चपलांची शुद्ध नव्हती. मग त्या फिरवल्या कोणी?"

बूंनी दारातल्या वहाणांकडे बोट दाखवलं.

"गुरू आत असला की त्याच्या वहाणा फिरवून ठेवायच्या, म्हणजे निघताना त्याला त्रास नको. हे मदरशातल्या पोराचं वळण. सर सव्वाबाराला आले, वेनिंग बारा चाळीसला. मधे कोणीतरी इथं आला, चोरी केली आणि पळता पळता खाली वाकला. जित्याची खोड! तुझ्या डोक्यानं खोटं रचलं रे, पण हातांना ते कोणी सांगितलंच नाही."

फिक्रीचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून चटईवर ठेवला.

"दोनदा पुलावर गेलो, कालव्यात टाकायला. हात उठेना."

"का केलंस?" वेनिंग ओरडली. "मी काय बिघडवलं होतं तुझं?"

"तुझ्या नोंदींत आमच्या वस्तीचं, रंदुपेसिसिरचं नाव आहे? सांग, एक तरी ओळ आहे?"

"तुमच्याकडून एकही तक्रार नाही. शून्य."

"कारण आमच्याकडे तक्रार करणं असभ्य समजतात! पाणी आलं की चूल उंच करायची आणि गप्प बसायचं. विहीर खारट झाली. धाकट्या बहिणीच्या पायांची कातडी सोलवटलीय. तुझे आकडे नसते, तर साहेबांना पायी फिरून बघावं लागलं असतं. आमचं पाणी दिसलं असतं त्यांना."

बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. बूंना पोराचा राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं रडू आलं.

तीन वाजता साहेब आले. वेनिंगनं पेन ड्राइव्ह लावला, आकडे दाखवले. मग तिनं फिक्रीकडे पाहिलं.

"यात रंदुपेसिसिर नाही, साहेब. तिथं पाणी नाही म्हणून नव्हे. तिथले लोक तक्रार करत नाहीत म्हणून."

"मग यादी थांबवू? फेरतपासणी होईपर्यंत तुमचाही पंप अडकेल."

वेनिंगला विटांवरचा पलंग दिसत होता.

"थांबवू नका," फिक्री म्हणाला. "पंप त्यांना द्या. त्यांनी मागितलाय."

साहेबांनी सही केली. वेनिंगनं तोंड ओंजळीत लपवलं. साहेब उठले आणि फिक्रीच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "तुमचंही बघू हं. सोमवारनंतर कधीतरी."

आयुष्यात कधी कोणाच्या वाटेत उभा न राहिलेला तो पोरगा दारात आडवा उभा राहिला. मान खाली नव्हती.

"आज, साहेब. आत्ता."

मुरसिद सर पुढे आले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा त्या दोघांकडे.

"बरं, चला. ड्रायव्हरला रस्ता सांग."

"गाडी जात नाही तिथं," फिक्री म्हणाला. "पँट वर करून चालावं लागेल."