चुकलेल्या सुरावरचा हात

मी वजनकाटे दुरुस्त करतो. दवाखान्यातले, सोनाराकडचे, औषधांच्या दुकानातले. त्यामुळे अंदाज, भास, 'मला आपलं असं वाटलं' असल्या गोष्टींचं मला वावडं आहे. काटा शून्यावर आला तर आला, नाहीतर खोला पुन्हा. माझी ताई मला 'शून्य' म्हणते ते त्यावरूनच. निदान ती तरी तसं सांगते.

तर एका रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरले आणि बेस गिटारचा एक सेकंडहँड अँप उघडायला घेतला. अँप कसला, आवाज मोठा करणारा, घरच्या सरावापुरता स्पीकरचा ठोकळा. जुन्या सामानाच्या दुकानात तोंड भिंतीकडे करून पडला होता. अंगावरचा करडा गालिचा कोपऱ्यांवर सोललेला, एक बटण गायब, आत कुणाच्या तरी कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास.

"चालतो की नाही माहीत नाही," दुकानदार म्हणाला होता.

"चालेल," मी म्हटलं होतं.

ताई समोरच्या खुर्चीत बसून माझ्या चुका काढत होती. पस्तीस वर्षं तिने ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. चार महिन्यांपूर्वी तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय परत आला. जीभ तर एक दिवससुद्धा अडखळली नाही. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवला तिथेच राहायचा. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रबरी चेंडूत यांचा जीव रमत नाही, आवडीचं काहीतरी द्या. ताईचा मोठा अँप ऑर्केस्ट्राकडेच होता आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला तो लागत होता. म्हणून हा ठोकळा.

"वर्षभर बघीन," ताई म्हणाली. "हात आला तर आला. नाही आला तर बेस कुणाला तरी देऊन टाकायचा. रोज समोर टांगून ठेवून मला रडायचं नाहीये."

ती हे इतक्या सरळ आवाजात बोलली की मी मान खाली घालून स्क्रू मोजायला लागलो. बारा होते.

आतलं काम फार नव्हतं. दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. बटणं फिरवताना खरखरत होती, ती स्पिरिटने साफ केली. वायर खुपसायची जागा सैल झाली होती, तिला नवा डाग दिला. स्पीकरच्या कागदाची कड फाटली होती, तिथे मलमलीची पट्टी चिकटवली. स्पीकरच्या दोन वायरी सोडवायच्या आधी खूण म्हणून मी त्यांतल्या एकीला लाल दोरा बांधला. इथे एक गाढवपणा झाला. आमच्या काट्यांच्या कामात लाल दोरा शून्याच्या बाजूला बांधतात, म्हणजे उणे. बाकी सगळ्या जगात लाल म्हणजे अधिक. मी सवयीने उणेला बांधला आणि दुपारी जोडताना, लाल दिसला म्हणून अधिकला लावला. स्पीकर उलटा जोडला गेला. हे मला तेव्हा कळलं नाही.

चारच्या सुमारास ताईने बेस मांडीवर घेतला. आधी उजवा तळहात तारांवर आपटला, धप्. ही तिची जुनी खोड. सुरू करताना धप्, आणि सूर चुकला की लगेच धप्. चुकलेला सूर तिला क्षणभरही ऐकवत नाही. ऑर्केस्ट्रात शेजारचा गिटारवाला चुकला तरी हिचा हात त्याच्या तारांवर जायचा. त्यावरून भांडणंही झालीत.

मग तिने जाड तार छेडली. ठोकळा खणखणीत बोलला. टेबलावरची वाटी थरथरली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "शाब्बास रे शून्य." मी चहा टाकायला गेलो.

चहा करताना मनात खुटखुटत होतं. सूर जरा लवकर आला होता का?

मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी मी मोबाइलवर चित्रण करून अगदी हळू लावून बघितलं. ताईचं बोट तारेपासून पेरभर लांब होतं. आणि स्पीकरचा कागद हलला होता.

मी ठोकळा उघडला. उलट्या वायरी सापडल्या, स्वतःला चार शिव्या दिल्या. पण वायरी उलट्या असल्या तर कागद बाहेर यायच्याऐवजी आधी आत जातो, एवढंच. वेळेचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरीही मी सरळ करायला बसलो.

तेवढ्यात न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत असताना ठोकळा वाजला. धप्. मग चार सूर. तिसरा फरफरला, तार नीट दाबली गेली नाही की फरफरतो तसा. बेस स्टँडवर उभा होता, वायर लावलेली होती, तारा जागच्या जागी स्थिर. जाड तारेवर मी कागदाचा एक कपटा ठेवला. ठोकळा पुन्हा वाजला. कपटा हलला नाही.

ताई केस पुसत दारात उभी होती. तिनेही ऐकलं.

"हे कोण वाजवतंय?" मी म्हटलं.

"मीच की," ती म्हणाली. "धप् ओळखलं नाहीस?"

"तुझं डावं बोट अजून तार दाबत नाही, ताई."

"नाहीच दाबत." ती ठोकळ्याकडे बघत राहिली. "वायरींना हात लावशील तर बघ."

त्यानंतर सहाव्या दिवशी तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने तार दाबली. चार सूर आले. तिसरा फरफरला.

तिथून पुढे आमच्या घरात एक नवंच सुरू झालं. ताई उठली की आधी ठोकळ्याकडे जायची. "आज काय म्हणतोय?" तो रोज बोलायचा नाही. बोलला की ती कान देऊन ऐकायची आणि खुलायची. "तो वाजवतोय म्हणजे मी वाजवणार." व्यायामाच्या बाईंना वाटलं, हा आपला गुण. मी नोंदी ठेवत होतो, दुसरं काय येतं मला? ठोकळा वाजल्यापासून ताईने तेच वाजवेपर्यंत आधी सहा दिवसांचं अंतर. मग तीन आठवड्यांचं. मग अडीच महिन्यांचं. का, ते मला माहीत नाही. मी आजवर जे उघडलं ते मला कळलं होतं. इथे मी हात टेकले.

पण ताईचा हात आला. झटक्यानंतर दहाव्या महिन्यात ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला घरी आला, तिचं वाजवणं ऐकून म्हणाला, "बाई, कधी येताय? त्या पोरीला म्हटलं, तुला आता तंबोरा धरायला देतो." ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. सांगायला लाज कसली? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ताई अठराची. मला झोपवायला तिने तेव्हा नुकत्याच हाती आलेल्या बेसवर सहा सुरांची एक ओळ केली होती. शब्द नव्हते, नुसते सूर. ती ओळ आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही.

"शिकून घे ना दोन सूर," ती मला किती वर्षं म्हणत आली.

"तू आहेस ना," माझं ठरलेलं उत्तर. "मी कशाला?"

मग एका दुपारी ताई तालमीला गेली होती. ऑर्केस्ट्राने तिला तिथला बेस दिलाय, घरचा स्टँडवरच असतो. मी ठोकळ्यावरची धूळ पुसत होतो आणि तो वाजला.

सुरुवातीला धप् नव्हतं.

सहा सुरांची ओळ. तीच. पण काय ते वाजवणं! दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बोट अडकत होतं. मला हसू आलं, म्हटलं, हा कोण दगड? चौथा सूर चुकला. चुकलेला सूर घुमत राहिला, बारीक होत होत विझला. मग त्या माणसाने पुढे न जाता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

काट्याचं एक माप चुकलं की आम्ही पुढचं घेत नाही. पुन्हा शून्यापासून.

म्हणजे तो दगड मीच. आणि ताई असताना मी कशाला वाजवणार?

मी सोल्डरिंगचं हत्यार तापवायला लावलं. वायरी सरळ करायच्या, बस्स. मग बंद केलं. उलटं असो नाहीतर सरळ, ऐकलेलं थोडंच पुसलं जाणार होतं? वहीत नोंदही केली नाही. अंतर किती, हे आयुष्यात पहिल्यांदा मला मोजायचं नव्हतं.

ताई संध्याकाळी आली. "काय म्हणाला आज?"

"काही नाही. ताई, मला शिकव."

"सूर्य कुठून उगवला आज?"

"शिकवतेस की नाही?"

तिने बेस माझ्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची खेटून बसली. खांद्याला खांदा लागत होता. माझी बोटं एकेक करून जागेवर लावली. मला वाटत होतं, दुपारी ऐकलं ते हेच असणार. हाच धडा. ती शेजारी हसतेय, मला ओरडतेय, फक्त ठोकळ्यातून ते ऐकू येत नाही.

मी वाजवलं. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बोट अडकलं. अगदी तसंच. चौथा सूर चुकला. अगदी तसाच. माझा जीव भांड्यात पडला.

आणि ताईचा डावा हात, दहा महिन्यांनी परत मिळालेला तो हात, माझ्या तारांवर आला. धप्.

"चुकला की आधी गप्प करायचा. मग पुढचं."

मी पुन्हा चुकलो. धप्. पुन्हा. धप्. ताई हसत होती.

दुपारी तो सूर विझेपर्यंत घुमत राहिला होता. त्याच्यावर कुणी हात ठेवला नव्हता.

तेव्हापासून मी रोज शिकतो. चौथा सूर आता मला येतो. तरी रोज एकदा मुद्दाम चुकतो, आणि तिचा हात येईपर्यंत श्वास धरून बसतो.