ओझेमला आलेली हाक

मिसिसिपीच्या पात्रातून उपसलेला गाळ मैलोन् मैल लांब नळातून धबाधबा कोसळत होता आणि एल्मीर बिलियोला नाचावंसं वाटत होतं. जहाजांची वाट मोकळी करताना निघणारा हा चिखल पूर्वी समुद्रात फेकून देत. आता तोच बायू सेलेस्त या संथ खाडीकाठच्या बुडालेल्या दलदलीत भरला जात होता आणि नळाचं तोंड कुठं वळवायचं ते ठरवणारी मुकादम होती एल्मीर. सगळ्यात आधी तिनं ते वळवलं आपल्या गावावर. वशिला म्हणणारे म्हणोत बापडे!

वादळात गाव पाण्याखाली गेलं, त्याच्या मसणवटीसकट, तेव्हापासून तिचे पापा, म्हातारे ओझेम, शहरातल्या पत्र्याच्या घरात खिडकीकडे पाठ करून बसत. मरण्याआधी त्यांचे पाय एकदा आपल्या जमिनीला लागावेत, एवढीच एल्मीरची तळमळ होती. आज निदान डोळ्यांनी तरी बघू देत, म्हणून सकाळीच तिनं त्यांना चपट्या होडीत बसवून आणलं.

"रेमी, जरा वेळ पंप बंद ठेव," तिनं वायरलेसवर सांगितलं.

"राणीसाहेबांचा हुकूम!" गाळ उपसणाऱ्या ड्रेजरवरून रेमी हसला. "पापांना म्हणावं, एक खोली मला भाड्यानं द्या."

नळ गप्प झाला. पापांनी नाक मुरडलं. "ही जमीन? अगं, तुझ्या आईचा गंबोचा रस्सा याच्याहून घट्ट असायचा."

"मुरू द्या तिला, पापा. आज उतरायचं नाही हं. बगळ्याचंसुद्धा वजन पेलणार नाही ती."

बोलता बोलता एल्मीर थबकली. ओतलेला गाळ सपाट बसतो. इथं मात्र त्याला उंचवटे आले होते, ओळीनं, सारख्या अंतरावर. मधून एक पायवाट गेली होती. वाटेच्या टोकाला दोन पायऱ्या.

"पापा! आपले भेंडीचे वाफे!" ती ओरडलीच. कसे, का, हे तिच्या मनातही आलं नाही. आनंदानं तिचा ऊर भरून आला होता. कुठून तरी भाजत्या कॉफीचा वास येत होता.

बायूवर कुणाच्या काठाला होडी लागली की आधी हाक मारायची. घरातून ज्याचं नाव येईल त्यानंच उतरायचं. पापांनी सवयीनं तोंडापाशी हात धरले. "आहे का गं कुणी घरात?"

एल्मीर खो खो हसली.

"ओझेम! ये की. कॉफी निवतेय."

आवाज आईचा होता, गावाच्या मसणवटीत पुरलेल्या आईचा. उशीर झाल्यावर काढायची तोच, जरासा वैतागलेला.

तिनं कान टवकारले. भीती वाटण्याऐवजी तिला चक्क हेवा वाटला. आई, माझं नाव घे की!

दुसरं नाव आलं नाही.

पापा उतरले.

चिखलानं त्यांना पेललं. वाफे तुडवले जाऊ नयेत म्हणून ते वाटेनंच चालले. एल्मीरनं घाईघाईनं लांब बांबू खाली खुपसला. तो अख्खा आत गेला, तळ लागलाच नाही.

"पापा, परत या! पापा!"

पायऱ्यांपाशी त्यांनी मान वाकवली, ठेंगण्या दारातून आत शिरताना वाकवतात तशी.

मग तिथं कुणीच नव्हतं.

ती हाका मारत राहिली. घसा बसला.

आणि पापा आले! त्याच वाटेनं, झपाझप, तोंडभर हसत. बुटांना चिखलाचा ठिपका नव्हता. एल्मीरला रडू फुटलं.

"रडतेस काय, वेडे? चल, सगळ्यांना सांगू या," म्हणत त्यांनी होडीत पाय टाकला.

माणूस चढला की चपटी होडी त्याच्या बाजूला कलते. जन्माच्या सवयीनं एल्मीर तोल सावरायला उलट्या बाजूला झुकली.

होडी तिच्याच बाजूला कलंडली आणि गार पाणी आत आलं.