मुखवट्याची गाठ

हसा, हसा. भुताचं नाव काढलं की तुम्हाला हसू येतं, आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात तिघं तिघं जाता. ते दार ओढून घे गं, आणि दिवा मालव, खिडकीतलं चांदणं पुरे. ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या ओळखीतल्या एका मास्तरांची आहे. चांगल्या ओळखीतल्या.

सात वर्षं झाली. मंगळवार होता. अमावास्या-बिमावास्या काही नाही, स्वच्छ चांदणं. मास्तर जेवून रात्री सव्वादहाला देवळाकडे निघाले. काम साधं. देवळात मुखवटा घालून जो नाच होतो, त्याचा उगम कसा झाला यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती. सकाळी ती छापखान्यात द्यायची, आणि मुखपृष्ठासाठी मुखवट्याचा फोटो राहिलेला. देवळाच्या अध्यक्षांनी मुखवट्याच्या खोलीची किल्ली दिली होती.

आता हा उगम मास्तरांना सांगितला कुणी? मुखवटेवाल्या बाबांनी. वय पंच्याऐंशी, त्यातली साठ वर्षं तो मुखवटा घालून नाचलेले. अक्षर म्हणून ठाऊक नाही, पण सगळं तोंडपाठ. चार दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून मास्तरांनी लिहून घेतलं.

बाबा म्हणाले, "मास्तर, हा नाच कुठल्या राजाबिजानं नाही काढला. आमच्या घराण्यातली एक बाई. देवळाबाहेरचं अंगण झाडायची. आत यायची बंदी. आणि पोरगी तापानं फणफणलेली. देवीच्या पायावर एकदा डोकं ठेवायचं होतं तिला. मग केरातले कागद आणि चिंध्या भिजवून तिनं मुखवटा केला, खराट्याच्या दोरीनं तोंडावर बांधला, आणि आली देवी होऊन. दारात विचारलं, 'तोंड कोणाचं?' ती म्हणाली, 'माझं नाही.' तेव्हा कुठं सोडली आत. उभी राहिली तर ओळखतील, म्हणून रात्रभर नाचत राहिली. पोरगी वाचली. आम्ही त्या पोरीचे."

म्हणूनच तो मुखवटा कुणी आपल्या हातानं चढवत नाही. मागे उभा असलेला विचारतो, "तोंड कोणाचं?" नाचणारा म्हणतो, "माझं नाही." मगच गाठ बसते.

बाबांनी एकच मागितलं. "माझ्यामागे हे सांगणारं कुणी नाही. तिला तेवढी कागदावर घ्या."

मास्तरांनी घेतली. मग कागद अध्यक्षांनी वाचले. म्हणाले, "असेलही खरं. पण छापायचं कशाला? माझ्या खापरपणजोबांना स्वप्नात दृष्टान्त झाला, असं लिहा की. तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाकू." मास्तरांचा कणा शेवग्याच्या फांदीचा. बाईचं पान काढलं, दृष्टान्त घातला.

एवढ्यावर मास्तर थांबते तरी बरं होतं. त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "मास्तर, वाचून दाखवा ना." आणि मास्तरांनी कागद समोर धरून जे त्यात नव्हतंच, ते वाचलं. अंगण, खराटा, पोरगी, सगळं. बाबा ढसाढसा रडले. वाकून मास्तरांच्या पाया पडले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस... आणि मास्तरांनी पडू दिलं. पोरांनो, भुताची भीती ओसरते. ही लाज ओसरत नाही.

असो. तर मास्तरांनी खोली उघडली. ट्यूबलाइट लागली. लाकडी पेटी, पेटीत मुखवटा. समोरून चार फोटो काढले. मग त्यांच्या लक्षात आलं, डोळ्यांची भोकं फार जवळजवळ आहेत. बाईमाणसाच्या बेताची. यातून दिसतं तरी काय, म्हणून मुखवटा उचलला आणि तोंडाला लावला. नुसता लावला हं. आपल्या हातानं चढवायचा नाही, हा नियम पुस्तिकेत त्यांनीच लिहिला होता.

आत ऊब होती. आत्ताच कुणी काढून ठेवल्यासारखी.

दिवा गेला.

मागे सर्र आवाज आला. फरशीवर. पुन्हा सर्र... झाडतंय कुणीतरी.

जवळ आलं.

थांबलं.

"तोंड कोणाचं?"

बाईचा आवाज. थकलेला. रागाचा नव्हे.

उत्तर मास्तरांना पाठ होतं. दोन शब्द. ओठांपर्यंत आले, आणि... खोटं वाचणारं तोंड तर त्यांचंच होतं. माझं नाही कसं म्हणणार?

गप्प राहिले.

मुखवट्याची दोरी मागे ओढली गेली. एक वेढा. दुसरा. तिसरा.

मास्तर तसेच पळत सुटले. मुखवट्यासकट. मागच्या गल्लीत बाबांचं दार ठोठावलं. बाबांनी गाठ चाचपली. बराच वेळ चाचपली. मग कात्री आणून दोरी कापली, मुखवटा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "ही खराटा बांधायची गाठ. तीन वेढे, शेपूट आत. माझ्या आज्जीनंतर आमच्यात कुणाला येत नाही. तुमच्यासोबत कोण होतं, मास्तर?"

मास्तरांनी मागे वळून गल्लीत बघितलं.

"मग... ते पान तेवढं परत वाचा."

कागद खिशातच होते. मास्तरांनी काढले, समोर धरले. नसलेलं पान दुसऱ्यांदा वाचवेना. बाबा वाट बघत होते. मग त्यांनी बघणं सोडलं. शिव्या नाहीत, काही नाही. कापलेली दोरी मास्तरांच्या तळहातावर ठेवली आणि दार लावून घेतलं.

काय म्हणालास? पुस्तिका? छापली ना. दृष्टान्तासकट. बाबा त्याच वर्षी गेले. देवळात अजून मिळते ती पुस्तिका. मास्तरांचं नाव मोठ्या अक्षरात आहे.

ही बघा ती दोरी. घ्या हातात, चावत नाही. कापलेली आहे, बघितलंत? मधून कापलेली, दोन्ही टोकं सुटी. गाठ मात्र घट्ट. सात वर्षं रोज रात्री नखांनी, सुईनं, दातांनी उकलून बघितली. एकही वेढा हलत नाही.

काय? माझ्याकडे कशी आली?

...

दिवा लाव गं.