एकास बारा

ही गोष्ट माझ्या हातून घडली. रचून लिहायला अक्षरांवर हुकमत लागते. मी बाराखडी शिकलो तीच साठी ओलांडल्यावर. तेव्हा घडलं तेवढंच लिहितो.

रविवार होता. दुपारचे चार. जागा पुतण्याच्या घरामागचं अंगण.

पुतण्याने सहा वर्षं खपून वाफेचं छोटं इंजिन बनवलं होतं. एकास बारा. म्हणजे खऱ्या इंजिनाचा एक फूट, तो इथे एक इंच. लांबीला बाकाएवढं. बॉयलर तांब्याचा, कोळसा खरा, पाणी खरं.

"सगळं लहान करता येतं काका," तो म्हणाला, "आग आणि पाणी तेवढी लहान होत नाहीत."

इंजिन कुठलं ते मी लांबूनच ओळखलं.

त्याच्या बापाचा, माझ्या दादाचा, जीव ज्यात गेला ते.

दादा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता. मी इंजिनं पेटवायचो. कुणी आत कामाला शिरलं की भट्टीच्या दाराच्या हँडलला लाल पत्रा टांगायचा, ही शेडची रीत. पत्रा दिसला की काडी ओढायची नाही. त्यासाठी वाचता यावं लागत नाही.

त्या दिवशी दादा इंजिनाच्या पुढच्या टोकाला, धुराड्याखालच्या धूरपेटीत शिरून नळी बसवत होता. धूरपेटीचं दार उघडं दिसलं, मी सवयीने लावून घेतलं. इंजिन पेटवलं.

चौकशीत ठरलं, त्याने पत्रा लावलाच नव्हता. स्वतःच्या चुकीने गेला.

"विसराळूच होते हो," वहिनी अजून म्हणतात. "मीठ आणायला पाठवलं तर साबण घेऊन यायचे. पत्रा कसला लक्षात राहतोय."

मी मान हलवतो. चाळीस वर्षं हलवतोय.

"काका, पहिली काडी तुमची," पुतण्या म्हणाला.

"मी नको. तूच पेटव."

"आता भाव खाऊ नका भाऊजी," वहिनी खुर्चीतून म्हणाल्या. "चहा निवतोय माझा."

मी वाकलो. आणि हँडलवर दिसली...

एक पाटी.

नखाएवढी. पुठ्ठ्याची. दोऱ्याने बांधलेली.

चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

'आत माणूस आहे. पेटवू नका.'

अक्षर दादाचं. त्याच्या मापांच्या वहीवरूनच मी गिरवायला शिकलो. त्याचा डावीकडे कललेला 'म' मी अंधारातही ओळखीन.

त्या दिवशी लाल पत्रे सगळे दुसऱ्या इंजिनांवर होते. म्हणून दादाने वीतभर पुठ्ठ्यावर लिहून टांगलं होतं. मला ती नुसती रद्दी वाटली. चांगला वाळलेला पुठ्ठा.

मी त्याच्यावरच आग धरवली.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, हँडलला काही होतं का? तोवर मला कळून चुकलं होतं.

मी नाही म्हणालो.

आता वहिनी बघत होत्या. मी पाटी तोडली, मुठीत दाबली आणि काडी ओढली.

दुसऱ्यांदा.

कोळशाने पेट घेतला. वाफेचा काटा जागचा हलला नव्हता. तेवढ्यात ऐकू आलं...

टक. टक. टक.

थांबलं.

पुन्हा तीन.

"लोखंड तापतंय," पुतण्या म्हणाला.

त्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो.

मी बॉयलरला हात लावला. गार होता.

आवाज पुढून येत होता... धूरपेटीतून.

"दार उघड."

"आत्ता? मग आग हवा कशी ओढणार, काका?"

"उघड म्हणतो ना."

त्याने उघडलं. आत कुणीच नव्हतं.

दाराच्या आतल्या बाजूला ताजी काजळी होती. काजळीत ओरखडे... पाच. केसासारखे बारीक. शेजारी आणखी पाच.

"रंग उकललाय," म्हणत त्याने ते फडक्याने पुसून टाकले.

वहिनी माझ्या मुठीकडे बघत होत्या.

"हातात काय आहे, भाऊजी?"

"काही नाही."

पाटी घरी आणून काड्यापेटीत ठेवली. महिन्याने उघडली, तर पेटीचा तळ फुगला होता.

पाटी बोटभर झाली होती. अक्षरंही तेवढीच वाढलेली.

जाळायची हिंमत नाही. एकदा जाळून पाहिलीय.

मग डब्यात ठेवली. डब्यात मावेना तेव्हा ट्रंकेत. ट्रंकेतून टकटक येते. आधी तिचा आवाज मनगटावरच्या घड्याळाएवढा होता. परवा शेजारी विचारून गेला, "आजोबा, या वयात कसली ठोकाठोकी काढलीत?"

काल पाटी मोजली. वीत भरायला करंगळीच्या रुंदीएवढं कमी आहे.

वीत भरली की ती खऱ्या मापाची होईल. तिच्यामागून आणखी काय खऱ्या मापाचं होणार, ते मला ठाऊक नाही.

म्हणून हे लिहिलं. वहिनींना चांगलं वाचता येतं. उद्या सकाळी हा कागद त्यांच्या हातात देणार आहे.

तोवर वीत भरली नाही, म्हणजे मिळवलं.