भिंती सरकवल्यावर

हळदीच्या मांडवात शिरताच रोहिणीने जनरेटरच्या बोर्डावरचा एक प्लग उपटला आणि लॅपटॉपचा खोचला. घरची वीज गेली होती. परवापासून चाललेलं गणित अगदी शेवटाला आलं होतं.

"अहो, माझा कॅमेरा चार्ज होत होता!"

तिने वळून पाहिलं. नवरदेवाचा मित्र अथर्व, पनवेलहून फोटो काढायला आलेला. गालभर हळद फासलेली.

"सॉरी... पण हे बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"एवढं काय आहे त्यात?"

"काही अणुकेंद्रकं धड बांधलेली नसतात. क्षणभर तग धरतात, मग फुटतात. ती खरंच जमली होती की नुसता भास, हे ओळखायचं."

"आणि ते कसं?"

"कॉम्प्युटरात एका काल्पनिक पेटीत ठेवायची. मग पेटीच्या भिंती लांब-लांब सरकवायच्या. ज्या ऊर्जा भिंतींबरोबर हलतात, त्या पेटीच्या. जी जवळजवळ जागची हलत नाही... ती खरी."

पडद्यावर रेषा उमटल्या. सगळ्या खाली घसरत गेलेल्या; एकच आडवी, ठाम.

"ही?" तो कुजबुजला.

"ही!"

तेवढ्यात तिची आई, गंगू, आली. "चल गं, हळद लावाला. इथं काय करतेस?"

"काकी, तुमच्या मुलीचं उत्तर आलंय!" अथर्व आनंदाने ओरडला.

गंगूने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मांडवातल्या बायकांकडे. पदर सारखा केला. "आमची पोर अणूचा हिशोब करते. तुमी बघता काय नुसत्या?"

त्या दिवशी आईपेक्षाही अभिमानाने ताठ उभा होता तो अथर्व. रोहिणीने ते पाहून ठेवलं.

पुढे पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठी त्यांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. आणि मग याच संशोधनासाठी तिला जर्मनीहून बोलावणं आलं. तीन वर्षांचं. तो 'जाऊ नकोस' म्हणाला तर... या धास्तीने तिने ते आठवडाभर सांगितलंच नाही.

शेवटी सांगितलं. त्याने एक खडा पाण्यात लांब भिरकावला.

"भिंत फारच लांब सरकवतेयस."

"हो."

"सरकव. मी कुठे हलतो का, बघ तरी." मग हळूच म्हणाला, "तिथे बिनधास्त गणित कर. इथला प्लग कुणी उपटणार नाही... मी बसलोय."

"पण अथर्व, उत्तर तर—"

"यायला वेळ लागेल, माहीत आहे."

"नाही रे." रोहिणीने मान ताठ करून त्याचा हात हातात घेतला. "ते हळदीतच आलं होतं."