गप्प बसायची अट

चेहऱ्याचं माप घ्यायचं म्हणजे पाणी कोमट लागतं. गार पाण्यात पावडर उशिरा धरते आणि खुर्चीतला माणूस कंटाळतो, गरम पाण्यात ती बादलीतच घट्ट होते आणि मग मी कंटाळतो. कवळी करताना दातांचे डॉक्टर जी पावडर वापरतात ना, तीच. पाण्यात कालवायची, माणसाच्या अख्ख्या तोंडावर थापायची, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या सोडायच्या आणि वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या लावायच्या. थोड्या वेळाने साचा सुटतो. त्यात प्लास्टर ओतलं की त्या माणसाचं तोंड जसंच्या तसं आपल्या हातात. त्यावर मी राक्षस घडवतो, पिशाच्च घडवतो, दिग्दर्शक सांगेल ते घडवतो. भुताखेतांची भीती मला कधी वाटलीच नाही. कुठल्या भुताच्या पोटात किती रबर आहे हे मला तोंडपाठ आहे.

माझी खोली स्टुडिओच्या मागच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर आहे. एक लांबट टेबल, बेसिन, कुरकुरणारा पंखा, फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे चेहरे आणि मधोमध न्हाव्याच्या दुकानातून आणलेली जुनी खुर्ची. खुर्चीच्या उजवीकडे मी आणि माझ्या बादल्या. डावीकडे भिंत. मधे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा आहे, पण तिथे कोणी जात नाही, जाऊन करणार काय?

माप देणाऱ्याचे डोळे बंद, तोंड बंद. कानांवर टोपी असते, त्यामुळे आवाज लांबून आल्यासारखा येतो. भलेभले नट घाबरतात. म्हणून मी सारखा बोलत राहतो. समोरच्याने अंगठा वर केला की सगळं ठीक. माझ्या हातावर दोनदा थोपटलं की लगेच काढायचं. टिल्लूने मात्र कधी थोपटलं नाही.

टिल्लू माझा धाकटा भाऊ. आता सहा फुटी धिप्पाड गडी आहे, पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटत नाही. आईवडील लवकर गेले. माझे शर्ट आखूड करून घालतच तो वाढला, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर आहे म्हटल्यावर मी लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडलो नाही. त्याचं माप घेताना तर माझ्या बोलण्याला ऊत यायचा. "काय रे हे नाक! अर्धी बादली नाकालाच गेली. निर्मात्याला सांगतो, नाकाचे पैसे वेगळे द्या." त्याचं तोंड पावडरीखाली बंद, पण पोट गदगदा हलायचं आणि अंगठा वर यायचा.

मालिका दोन राजपुत्रांची. धाकट्याला पाताळ गिळतं, बऱ्याच वर्षांनी तो वेगळाच चेहरा घेऊन परत येतो. धाकटा म्हणजे आमचा टिल्लू. पाताळाची गुहा लाकूड, गोणपाट आणि प्लास्टरची होती. एका दुपारी शॉट लागायला वेळ होता, बाकीचे चहाला गेले होते, टिल्लू मुखवटा चढवून आत एकटाच बसला होता. गुहेचं छत त्याच्यावर आलं.

त्याला बाहेर काढायला बराच वेळ लागला. मी इकडे माझ्या खोलीत रबर वाळवण्याचं मशीन लावून बसलो होतो, त्या घरघरीत मला काही ऐकूच आलं नाही. कोणीतरी धावत सांगायला आलं तेव्हा त्याला स्ट्रेचरवर घेतलेलं होतं. मुखवटा मीच कापून काढला. कात्री दोनदा खाली पडली. अंगावर साधा ओरखडा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "शरीराला काही नाही. मनाला धक्का बसलाय, वेळ द्या."

वेळ दिला. घरी तो नीट खायचा, नीट झोपायचा. पण आधी आम्ही एका खोलीत झोपायचो, आता तो दुसऱ्या खोलीत जायला लागला, तेही आतून कडी लावून. चहा पिताना माझ्याकडे बघत बसायचा. नुसतं बघणं नाही, पारखून घेणं. खांद्यावर हात ठेवला की अंग आकसून घ्यायचा. ज्या पोराला मी खांद्यावर बसवून फिरवलं तो माझ्या हाताला असा आकसतो, हे पाहून काळजात चर्र व्हायचं.

मग प्रश्न सुरू झाले.

"दादा, मी जिन्यावरून पडलो तेव्हा तू काय केलं होतंस?"

"तुझ्या आधी मीच भोकाड पसरलं होतं. आईला आधी मलाच गप्प करावं लागलं."

"शाळेत मी कुणाला घाबरायचो?"

"चित्रकलेच्या बाईंना. का रे? परीक्षा घेतोयस का माझी?"

गंमत म्हणजे माझं उत्तर बरोबर आलं की त्याचा चेहरा आणखीच उतरायचा.

एक दिवस माझं डोकं फिरलं. "काय चाललंय तुझं? मी काय घोडं मारलंय तुझं? बोल तरी एकदाचं!"

त्याने कप खाली ठेवला. "मी खाली होतो ना, तेव्हा तू बोलत होतास."

"अरे बाबा, मी इथे होतो, माझ्या खोलीत. मला पत्ताच नव्हता."

"माहितीये. सगळे तेच सांगतात. पण तू बोलत होतास. माप घेताना बोलतोस तसा. हलू नको, नाकाने श्वास घे, मी आहे. आईच्या गोष्टी काढल्यास. जिन्याची पण सांगितलीस. हसवलंससुद्धा मला."

"भास झाला असेल, राजा. जीव घाबरला की माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं."

"मग वर उजेड दिसला. लोकांच्या हाका आल्या. तेव्हा तू म्हणालास, जा आता. पण वर जो भेटेल तो मी नाही, सांभाळून राहा."

मला हसावं की रडावं कळेना. मी हसलो. त्याने माझ्या हसण्याकडेही तसंच पारखून पाहिलं.

दिग्दर्शकाला थांबायला वेळ नव्हता. परत आलेल्या राजपुत्राचा नवा मुखवटा हवा होता आणि टिल्लूच्या तोंडाचं जुनं प्लास्टर त्या दिवशीच्या धावपळीत फुटून गेलं होतं. "थोरला भाऊ धाकट्याला ओळखतच नाही, असा सीन आहे," तो हात चोळत म्हणाला. "पब्लिक ढसाढसा रडणार. तुझा भाऊ माप देत नसेल तर सांग, मी दुसरा बघतो." काम गेलं असतं तरी माझी हरकत नव्हती, दोघांचं पोट भरण्याइतकं मी कमावतो. मला माझा टिल्लू परत हवा होता.

मी घरी येऊन त्याला सांगितलं. तो लगेच हो म्हणाला, तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं.

"एक अट आहे," तो म्हणाला. "तू एक शब्दही बोलायचा नाहीस. माप सुरू झाल्यापासून संपेपर्यंत."

"का?"

"म्हणजे मला कळेल."

मी विचार केला, बरंच झालं. मी गप्प, खोलीही गप्प. कुठलाच आवाज आला नाही की याच्या डोक्यातलं खूळ आपोआप निघेल. मी कानाला हात लावून शपथ घेतली. तो कसनुसा हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. मी पंखा बंद केला, दार लोटलं. त्याच्या केसांवर टोपी चढवली, भुवयांना व्हॅसलीन लावलं. माझी बोटं लागली तसा तो ताठ झाला, पण हलला नाही. खुर्चीचे दोन्ही हात त्याने घट्ट धरले होते. डोळे मिटण्याआधी त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

कपाळ, गाल, हनुवटी. पावडर छान मऊ झाली होती. नाकपुड्यांपाशी आलो तेव्हा त्याचा श्वास जोरात चालला होता. एरवी मी म्हटलं असतं, सावकाश रे, कोणी गाडी पकडायची नाहीये आपल्याला. जिभेवर आलेलं गिळलं.

आणि त्याचा श्वास सावकाश झाला.

कोणीतरी तसं सांगितल्यासारखा, एकदम.

मी पट्ट्या लावायला घेतल्या. पहिली पट्टी कपाळावर बसली आणि टिल्लूचा अंगठा वर आला.

मी काहीच विचारलं नव्हतं.

अंगठा खाली गेला. थोड्या वेळाने परत वर आला. मग त्याचं पोट हलायला लागलं. तो हसत होता. गदगदा, पूर्वीसारखा.

मी खोलीभर पाहिलं. दार लोटलेलं. टेबल, बेसिन, ऊन. फळीवरचे चेहरे डोळे मिटून बसलेले. माझ्या हातातल्या पट्टीचं पाणी जमिनीवर टपटप पडत होतं, तेवढाच आवाज.

त्याचा डावा हात खुर्चीवरून सुटला. भिंतीच्या बाजूला गेला आणि हवेत थांबला. बोटं हळूहळू मिटली. पूर्ण मिटली नाहीत. आत दुसऱ्याचा हात असावा तेवढी जागा राहिली.

शपथ गेली खड्ड्यात.

"टिल्लू! अरे, मी इकडे आहे रे! उजवीकडे! हा बघ, हा माझा हात!"

मी त्याचा उजवा हात पकडला. त्याने तो असा काही हिसडला की मी बादलीवर आदळलो. खुर्चीत तो जमेल तेवढा डावीकडे सरकला. मग त्याने डाव्या हाताने थोपटलं.

दोनदा. हवेवर.

साचा काढताना दोन्ही कडा एकदम सोडवाव्या लागतात. मी उठून उजव्या कडेखाली बोटं घातली. डावी कड आधीच सुटून वर आली होती.

साचा माझ्या हातात आला. टिल्लूने डोळे उघडले. गालांवर पावडरीचे ओले कपटे, आणि त्यातून पाणी वाहत होतं. तो भिंतीकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला. "किती वाट पाहिली रे."

मला तो आवाज ओळखीचा होता. तापात माझ्या कुशीत शिरताना यायचा तो. माझा टिल्लू परत आला होता, आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

"मी आहे रे," मी म्हटलं. "टिल्ल्या, मी. इकडे बघ."

त्याने बघितलं. राग नव्हता, भीतीही नव्हती. बेसिनपाशी जाऊन त्याने तोंड धुतलं, माझ्याच टॉवेलने पुसलं आणि टॉवेल नीट घडी करून ठेवला.

"तुम्हाला त्रास झाला," तो म्हणाला. "पण काम छान केलंत. दादा म्हणतोय, हात हलका आहे तुमचा."

त्याने दार उघडलं, धरून ठेवलं आणि एक माणूस बाहेर पडेल इतका वेळ बाजूला उभा राहिला. मग तो गेला.

मी साचा छातीशी धरून खिडकीपाशी आलो. खाली आवारात टिल्लू रस्त्याच्या कडेकडेने चालला होता, शेजारी एका माणसाची जागा सोडून, मान वळवून काहीतरी सांगत, हसत. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि कोणत्या आवाजात मारू ते कळेना.

फाटकावरच्या वॉचमनने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्याने टिल्लूला हात केला. मग टिल्लूच्या शेजारी पाहून उठून उभा राहिला आणि जरा अदबीने, रोज मला करतो तसा, पुन्हा केला.