तीन थांब्यांवरचं हॉटेल

सोमवारी आलेलं पाकीट गुरुवार उजाडला तरी रिफ्की बेंच्या कोटाच्या आतल्या खिशातच होतं.

पाकीट मुअल्ला हानमच्या नावाचं होतं. एका वर्तमानपत्राला इस्तंबूलच्या सिर्केजी भागातल्या या गुप्तहेर बाईंची मुलाखत छापायची होती, फोटोसकट. रिफ्की बेंनी ते किटलीच्या वाफेवर उघडून वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्यात आपलं नाव कुठेच नाही हे पाहून परत खिशात कोंबलं. सहा वर्षं या बाईच्या मागे वही घेऊन फिरायचं आणि 'सहकारी' एवढा शब्दही कुणाला सुचू नये? देऊ, उद्या देऊ, असं करत तीन दिवस गेले. त्या तीनही दिवशी मात्र त्यांनी बाईंसाठी न सांगता गरम सिमित आणलं, तीळ लावलेलं पावाचं कडं, नुकतं भट्टीतून निघालेलं.

चौथं सिमित टेबलावर ठेवतायत तोच दार ढकलून एक साठीच्या बाई आत आल्या. गळ्यात हाताने शिवलेली कापडी पिशवी, डोळे रडून सुजलेले.

"मी बेदिया. एस्किशेहिरची. माझा पासपोर्ट गेला, आणि तीन वाजता जहाजाचं दार बंद होतं."

रिफ्की बेंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते.

बेदिया हानम निवृत्त मुख्याध्यापिका. नणंद पेरिहान आणि मैत्रीण नेझाहात यांच्याबरोबर त्या पंधरा दिवसांच्या सफरीला निघाल्या होत्या. गलाताच्या धक्क्यावरून निघणारं जहाज लिस्बनच्या पुढे, खुल्या महासागरात जाणार होतं.

"मुलांना चाळीस वर्षं नकाशावर महासागर दाखवला हो," त्या म्हणाल्या. "स्वतः कधी पाहिला नाही. पैसे साठवायला नऊ वर्षं लागली. पोलिसांत गेले तर म्हणाले, तक्रार लिहून घेतो. नवा मिळायला आठवडा."

"उतरलात कुठे?" मुअल्ला हानमनी विचारलं.

"पलीकडच्या गल्लीत, हॉटेल सर्वी." एवढ्या दुःखातही त्यांचा चेहरा जरा उजळला. "मीच शोधलं. दोन महिने रोज फोन करत होते. समुद्राकडची खोली मागितलीच नाही, अंगणाकडची घेतली. न्याहारी धरून निम्म्या भाड्यात, आणि ट्रामने बंदर तीन थांब्यांवर. काल सांजेला घड्याळ लावून जाऊनसुद्धा आले. बावीस मिनिटं."

"काल सांजेला म्हणजे कधी?"

"अजान झाली तेव्हा मी पुलावर होते, ट्राममध्ये."

बाकी हकिगत थोडकी होती. पासपोर्ट रात्रंदिवस गळ्यातल्या पिशवीत असायचा. आज सकाळी सातला, आंघोळीला जाताना, बेदिया हानमनी ती उशीखाली ठेवली. बाहेर येऊन गळ्यात घातली, गच्चीवर न्याहारी केली. नऊ वाजता सहज उघडली तर आत ट्रामच्या नकाशाची जाड घडी!

"म्हणजे हाताला फरक लागू नये याची काळजी घेतली होती," रिफ्की बे तत्परतेने म्हणाले आणि त्यांनी मुअल्ला हानमकडे पाहिलं. बाई सिमित बाजूला सारून कोट चढवत होत्या.

हॉटेल सर्वीच्या दारात एक जर्मन जोडपं पेट्या घेऊन ताटकळत उभं होतं आणि मालक इद्रिस बे हात जोडून त्यांना वाटेला लावत होते.

"एक खाट शिल्लक नाही हो. जहाज सुटायच्या दिवशी हे असंच. आज तर मी माझ्या मेव्हण्यालाही परत पाठवलं." मग बेदिया हानम दिसताच त्यांचा आवाज मऊ झाला. "रडू नका हानम. बारा नंबरची खोली आज रात्रीही तुमचीच आहे. रस्त्यावर नाही यायच्या तुम्ही."

बेदिया हानमना आणखीच रडू कोसळलं. किती भला माणूस, असं रिफ्की बेंना वाटलं. मुअल्ला हानम भिंतीवरच्या किल्ल्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"पासपोर्ट तुम्ही पाहिला होतात?" त्यांनी मालकाला विचारलं.

"मी कशाला बघू? आपल्या माणसांचं ओळखपत्र बघतो आम्ही. पासपोर्ट परदेशी लोकांचा."

"आणि काल सांजेच्या अजानला कुठे होतात?"

इद्रिस बे चक्रावले. रिफ्की बेसुद्धा. चोरी आज सकाळची आणि बाई कालची सांज कसली उकरतायत?

"इथेच, या टेबलाशी. त्या पेरिहान हानम समोर उभ्या राहून गरम पाण्यावरून माझी सालं काढत होत्या. त्यात बारा नंबरमधून फोन. दोन्ही कानांना दोन बायका! विसरेन कसा?"

पेरिहान हानम अकरा नंबरमध्ये एकट्या होत्या. त्या घोरायच्या, म्हणून त्यांना वेगळं ठेवलं होतं, आणि ही गोष्टही त्यांना खुपत होती.

"माझ्यावरच संशय असणार," त्यांनी दार उघडतानाच सांगितलं. "असू दे. वहिनीचा पासपोर्ट हिरवा, सरकारी नोकरांना मिळतो तो मानाचा. तिला व्हिसाबिसा काही नको. आम्ही तांबड्या पासपोर्टवाल्यांनी चार महिने रांगा लावल्या, बँकेचे कागद दाखवले, आणि ही बया मजेत हॉटेलं शोधत बसली होती. जळते मी. लपवत नाही!"

"सकाळी त्यांच्या खोलीत गेला होतात?"

"केस वाळवायचं यंत्र आणायला. वहिनी आंघोळीला होती, नेझाहात पलंग आवरत होती. हॉटेलात येऊन पलंग आवरते, काय म्हणावं? न्याहारीनंतर तर सगळ्या टेबलांवरचे पावाचे तुकडे गोळा करत बसली. मी म्हटलं, अगं, सहलीला आलीयस की झाडलोटीला?"

"आणि कालच्या अजानला?"

"खाली. त्या इद्रिसला गरम पाण्याचा अर्थ समजावत होते."

रिफ्की बेंनी वहीत त्यांच्या नावाखाली दोन जाड रेघा ओढल्या. इतकी उघड कबुली त्यांना सहा वर्षांत मिळाली नव्हती.

नेझाहात हानम बारा नंबरमध्ये बेदियाच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी बेदियाला खुर्ची दिली, पाठीला उशी लावली, मग पाहुण्यांच्या हातांवर लिंबाचं कोलोन शिंपडलं.

"किती छान हॉटेल शोधलं हो हिने," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं आमच्या सहलींची हॉटेलं मीच शोधायचे. पण मला नाही जमलं असं. गेल्या वर्षी तर माझं हॉटेल लांब पडलं आणि बोट चुकता चुकता राहिली."

"अजून सांगतात सगळे तो किस्सा," बेदिया हानम ओलसर हसल्या. "टॅक्सीत पेरिहान चपला हातात घेऊन बसली होती, पळायची तयारी म्हणून!"

नेझाहातही हसल्या. हातातल्या शर्टाची घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली.

"कालच्या अजानला कुठे होतात?"

"इथेच. गुडघा धरला होता. पडून होते."

मग झडती झाली. पोलीस ठाण्यात कारकुनी केलेल्या रिफ्की बेंचा हा हातखंडा. त्यांनी तिघींच्या पेट्या उपसल्या, गाद्या उलट्या केल्या, कचऱ्याचे डबे पालथे घातले. गच्चीवर कुंड्यांखाली पाहिलं, पाण्याच्या टाकीत हात घातला. खिळ्याला टांगलेली शिळ्या पावाची पिशवी सारखी कपाळाला लागत होती, ती बाजूला सारून पन्हळीतही डोकावले. पासपोर्ट नव्हता.

सव्वा वाजला. गच्चीच्या कठड्यावर सीगल ओळीने बसून ओरडत होते.

"यांना काही घालत नाही का?" मुअल्ला हानमनी मालकाला विचारलं.

"पहाटे घालतो की, रोज. कालचा पाव आज, आजचा उद्या. दिवसा घातला तर न्याहारीच्या ताटांत शिरतात मेले."

"बरं. तिघींनाही वर बोलवा."

सगळे जमले. रिफ्की बेंनी पेरिहान हानमच्या मागे, जिन्याच्या तोंडाशी जागा धरली, पळाली तर असावं म्हणून.

"रिफ्की बे, बसा," मुअल्ला हानम म्हणाल्या. "त्या पळणार नाहीत. ज्या बाईला जळल्यावर ओरडता येतं, ती जळून मोकळी होते. तिला चोरी करावी लागत नाही."

पेरिहानला ही स्तुती की अपमान ते ठरवता येईना.

"इद्रिस बे, आज मेव्हण्यालाही तुम्ही परत पाठवलंत. मग बेदिया हानमसाठी खोली कुठून निघाली? या तर आज जहाजावर जाणार होत्या."

"निघाली कुठून म्हणजे? त्यांनीच राखायला सांगितलं होतं. काल. फोन करून."

"मी?" बेदिया ताडकन उठल्या.

"बारा नंबरमधून आला. बाईचा आवाज. बेदिया हानमसाठी खोली आणखी एक रात्र राहू द्या, म्हणाल्या. मला वाटलं जहाज पुढे ढकललं असेल. समोर ह्या भांडत होत्या, नीट विचारायला फुरसत कुणाला?"

"ऐका मग," मुअल्ला हानम म्हणाल्या. "पासपोर्ट गेला आज सकाळी. पण बेदिया हानम आज इस्तंबूलमध्येच राहणार हे कुणाला तरी काल सांजेलाच ठाऊक होतं. अजानच्या वेळी बेदिया ट्राममध्ये होत्या. पेरिहान मालकांच्या समोर होत्या. बारा नंबरमध्ये गुडघा धरून एकच बाई पडली होती."

नेझाहात हानम आपल्या हातांकडे बघत होत्या.

"पण पासपोर्ट कुठाय?" रिफ्की बेंना राहवलं नाही. "मी सगळं पाहिलं, ताई!"

"कचरा पाहिलात, पाव नाही पाहिलात. आपल्याकडे पाव कुणी कचऱ्यात टाकत नाही आणि पावाच्या पिशवीत कुणी हात घालत नाही. तशी मुद्दाम टांगून ठेवलेली असते, पक्ष्यांसाठी. आज सगळ्या टेबलांवरचे तुकडे कुणी गोळा केले? पिशवी रिकामी होणार उद्या पहाटे, म्हणजे जहाज गेल्यावर. पासपोर्ट जसाच्या तसा इद्रिस बेंच्या हातात पडणार, आणि बेदिया हानम खाली बारा नंबरमध्ये सुखरूप झोपलेल्या असणार."

इद्रिस बेंनी पिशवी खिळ्यावरून काढली. टेबलावर तुकडे पडले, आणि त्यांच्याबरोबर कागदी रुमालात नीट गुंडाळलेला हिरवा पासपोर्ट.

"फाडला का नाहीस?" बेदिया हानमनी विचारलं. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता.

"तुझा होता तो. फाडेन कशी?" नेझाहात म्हणाल्या, आणि मग इतक्या वर्षांचं एकदम आलं. "दहा वर्षं मी शोधली हॉटेलं. कुणी एकदा म्हटलं नाही, नेझाहात, छान झोप लागली. एकदा चुकले तर वर्षभर हसलात. आणि तुझं पहिलंच हॉटेल, तर येताना आगगाडीत सगळा डबा टाळ्या वाजवतोय! पंधरा दिवस जहाजावर हेच ऐकायचं होतं मला. तीन थांबे, तीन थांबे! तू नसतीस तर कुणी बोललं नसतं एवढंच. तुला त्रास नव्हता द्यायचा. खोली ठेवली होती ना मी."

"ज्याच्यावर जळतो त्याला दुखवायचं असतं," मुअल्ला हानम म्हणाल्या, "पण आपण वाईट आहोत हे स्वतःला कळू द्यायचं नसतं. म्हणून त्याची सोय करून ठेवतात. खोली राखतात, उशी लावतात." बोलताना त्यांनी एकदा रिफ्की बेंकडे पाहिलं. रिफ्की बेंना कोटाच्या आतल्या खिशात काहीतरी टोचल्यासारखं वाटलं.

बेदिया हानमनी पासपोर्ट पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड गच्च बांधलं. घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी होती.

"जहाजावर आपली खोली एकच आहे, नेझाहात," त्या म्हणाल्या. "तुझ्या शेजारी उशीखाली काही ठेवून मला झोप लागायची नाही. इथली खोली तू राखलीच आहेस. तू राहा."

पेरिहानने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मिटलं.

दोघी पेट्या ओढत ट्रामच्या थांब्याकडे निघाल्या तेव्हा नेझाहात हानम हॉटेलच्या दारात उभ्या होत्या. इद्रिस बेंच्या टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांनी उचलला. प्रवासाला निघालेल्यांच्या पाठीमागे, जो घरी राहतो त्याने पाणी ओतायचं असतं, पाण्यासारखं सुखाने जा आणि पाण्यासारखं परत या म्हणून. दोघींपैकी कुणी वळून पाहिलं नाही. नेझाहात हानमनी पेला रस्त्यावर उपडा केला आणि तो हातात धरून ट्राम दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

रिफ्की बे आणि मुअल्ला हानम गल्लीतून परत चालले होते. कचेरीचा जिना आला तेव्हा रिफ्की बे थांबले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"सोमवारी आलं होतं. मी... विसरलो."

मुअल्ला हानमनी वाफेने सुरकुतलेली कड अंगठ्याने चाचपली.

"सोमवारी पहिलं सिमित आलं तेव्हाच वाटलं, काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या. "काय झालंय ते कळायला मात्र आज ती नेझाहात भेटावी लागली. सहा वर्षांत तुम्ही मला साधा चहा पाजला नव्हता."

रिफ्की बेंचे कान लाल झाले. बाईंनी पाकीट न उघडताच त्यांच्या हातात परत दिलं.

"उत्तर तुम्हीच लिहा. आम्ही दोघं येऊ, नाहीतर कुणीच नाही, असं लिहा." त्या दोन पायऱ्या चढल्या आणि वळल्या. "आणि सकाळचं ते सिमित गार झालंय. उद्या दुसरं आणा."